रिकामा वाद्यवृंद आणि दगडी जाते



काराओकेवर म्हणण्याजोगी जपानी दुःखगीते हा विषय नीरेच्या काठी ऐकण्यासारखा आहे काय, अशी शंका ज्यांना आली असेल त्यांची शंका रास्त आहे. जपानची मोटार आम्ही ओळखतो, जपानचा कॅमेरा ओळखतो, आणि पुण्यात शिकणाऱ्या मुलामुलींमुळे जपानची भाषाही अधूनमधून कानांवर पडते. पण जपानी माणूस रडतो कसा, हे पाहायला आम्ही कशाला जातो? परंतु काराओके ही वस्तू आता तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोहोचली आहे. निवृत्तीचा समारंभ असो की शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा, एक ध्वनिवर्धक आणि एक मोबाइल एवढ्या भांडवलावर माणसे गायला उभी राहतात. आणि एक गोष्ट तुम्हीही पाहिली असेल. प्रसंग आनंदाचा, पण गाणे निवडायचे ते विरहाचे. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी गृहस्थ उभे राहतात, सोडून गेलेल्या कोणा प्रेयसीचे गीत डोळे मिटून आळवतात, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या बाईसाहेब टाळ्या वाजवतात! हसण्यासारखे आहे खरे. पण तिसऱ्या कडव्याला त्या गृहस्थांच्या आवाजात जो कंप येतो तो खोटा नसतो. तो कशाचा, आणि इतकी वर्षे तो कोठे दडून होता, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

प्रथम त्या शब्दाची फोड करू. 'कारा' म्हणजे रिकामा. 'ओके' हे ऑर्केस्ट्रा या शब्दाच्या जपानी उच्चाराचे पहिले टोक. रिकामा वाद्यवृंद, म्हणजे गवई उठून गेलेला आणि साथ तेवढी मागे राहिलेली, असा त्याचा अर्थ. 1967 साली तोक्योत शिगेइची नेगिशी या गृहस्थांनी असे एक यंत्र तयार केले होते. पण त्याचा प्रसार झाला तो कोबे शहरातल्या दाइसुके इनोउए यांच्या यंत्राने. इनोउए हे पानगृहांतून गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करणारे वादक. एका धनिक गिऱ्हाइकाने त्यांना सहलीला साथीस बोलावले. इनोउए यांना जाणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी आपली साथ ध्वनिफितीवर भरून दिली, आणि त्यावरून 1971 साली त्यांना यंत्र सुचले. मोटारीत गाणी वाजवण्याचा संच, ध्वनिवर्धक आणि नाणे टाकायची पेटी इतकाच त्याचा सरंजाम. पहिल्या खेपेस अशी अकरा यंत्रे झाली. इनोउए यांनी त्याचे पेटंट घेतले नाही, त्यामुळे जगभर धंदा झाला तो इतरांचा. 2004 साली अमेरिकेत त्यांना इग नोबेल हे गमतीचे शांतता-पारितोषिक मिळाले. माणसांना एकमेकांना सहन करायला शिकवण्याची नवी रीत त्यांनी शोधली, असे त्याचे कारण दिले गेले. विनोद बाजूला ठेवला तर इनोउए यांची खरी कामगिरी साथीदाराची आहे. गिऱ्हाईक बेसूर झाले तर सावरून घ्यावे, लय सोडली तर थांबावे, ही त्यांची रोजची नोकरी होती. गाणाऱ्याला गाता येत नाही हे गृहीत धरून केलेली साथ म्हणजे काराओके.

आता आम्ही विचारतो, असा रिकामा वाद्यवृंद आमच्याकडे नव्हता काय? वेल्ह्याच्या घराघरात होता. तो दगडाचा होता.

पहाटेचा प्रहर, बाहेर मावळचा पाऊस, ओट्यावर किंवा माजघराच्या कोपऱ्यात जाते. समोरासमोर दोन बाया बसलेल्या: सासू आणि सून, नाहीतर दोघी जावा. खुंट्यावर दोन हात, आणि मोकळ्या हाताने नाचणीचा किंवा तांदळाचा घास जात्याच्या तोंडात सोडायचा. वरची तळी फिरू लागली की घरघर सुरू होते. तो खर्ज आणि तोच ठेका. एकीने ओळ उचलायची, दुसरीने झेलायची. गाता येते की नाही हा प्रश्नच नाही. जात्यावर बसले की ओवी सुचते, अशी म्हणच आहे. चाल तयार असते. तिला या बाया 'गळा' म्हणतात, आणि हा शब्द आम्हांला फार आवडतो, कारण तो चालीला उसनी वस्तू न मानता अंगाचा अवयव मानतो. गळा आईकडून आलेला, पण त्यात घालायचा शब्द ज्याचा त्याचा. सासरी आल्यावर माहेरची वाट दिसेनाशी झाली, भाऊ न्यायला आला नाही, लेक दूर दिली, अशी दुःखे दोन ओळींत बसवायची आणि पिठाबरोबर बाहेर काढायची. स्वतःचे दुःख उघड सांगणे अवघड असेल तर सीता मदतीला येते. रामाने वनात धाडलेल्या सीतेची ओवी गाताना बाई कोणाविषयी बोलते आहे, हे समोर बसलेल्या सासूलाही कळते. पण सासू काय म्हणणार? रामायणच चालले आहे!

ही ओवी लिहून ठेवण्याचे मोठे काम पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पोयत्व्हँ यांनी 1980 च्या दशकापासून हाती घेतले, आणि ते सुरू झाले ते आपल्याच जिल्ह्याच्या डोंगराळ मावळपट्ट्यातून. गावोगावच्या बायकांनीच बायकांकडून ओव्या गोळा केल्या. लाखाच्या वर ओव्या आणि तीन हजारांवर गाणाऱ्या बायका, अशी त्या संग्रहाची मोजदाद आहे. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने ध्वनिमुद्रणेही झाली. पोयत्व्हँ 2004 साली आणि राईरकर 2010 साली गेल्या. 2017 पासून हा संग्रह 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेने टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुला केला आहे. 2024 साली वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचे शासनाने ठरवले, आणि त्याचे स्वागतही झाले. किल्ल्याचे नाव तालुक्याला मिळाले हे चांगलेच. परंतु याच डोंगरांच्या कुशीत जी एवढी मोठी काव्यसंपदा निपजली तिची किती घरांना वार्ता आहे?

पिठाची गिरणी आली आणि बायकांचे हात सुटले. त्याबद्दल कोणी हळहळू नये. रोज पहाटे दोन-तीन पायल्या दळणे हे कष्ट होते, काव्य नव्हते. परंतु कष्ट गेले तेव्हा त्यांच्या आडोशाला चाललेले बोलणेही बंद पडले, आणि त्याची दुसरी सोय कोणी केली नाही. आज लग्नात हळद दळण्यापुरते जाते पुजले जाते, चार ओव्या होतात, आणि नातवंडे त्याचे चित्रण करतात. बाकी वर्षभर सुनेने आपले दुःख कोणाला सांगायचे?

जपानकडे परत जाऊ. काराओकेवरच्या रडवणाऱ्या गाण्यांचा जो मोठा वर्ग आहे त्याला 'एन्का' म्हणतात. या शब्दाचा जन्म व्याख्यानमालेच्या श्रोत्यांनी तरी ऐकलाच पाहिजे. 1880 च्या सुमारास जपानात लोकहक्कांची चळवळ उसळली. वक्ते चौकाचौकांत सरकारविरुद्ध भाषणे करू लागले. पोलिसांनी भाषणे बंद पाडली. तेव्हा मंडळींनी तेच भाषण गाण्यात घातले आणि रस्त्यावर गाऊ लागले. भाषणाचे गाणे ते एन्का. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली 1875 साली, म्हणजे काळ जवळपास एकच. आमच्याकडे पुढे गणेशोत्सवाच्या मेळ्यांनी असेच काम केले. मात्र त्या राजकीय एन्काचे पन्नास-साठ वर्षांत काय झाले पाहा: सरकारवरचा राग विरला आणि मागे उरले ते उसासे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एन्का म्हणजे मद्याचा पेला, पाऊस, बंदर, आई आणि हरवलेले गाव असे समीकरण झाले. याला अधोगती म्हणणारे जपानातही आहेत. आम्हांला ते पटत नाही. रस्त्यावर म्हणायचे दुःख वेगळे, आणि रात्री एकट्याने म्हणायचे वेगळे. माणसाला दोन्ही लागतात.

संगीत जाणणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. या गाण्यांचा पाया बहुधा पाच स्वरांचा असतो. त्याला 'योनानुकी' म्हणजे चौथा-सातवा वगळलेला म्हणतात. मध्यम-निषाद वर्ज्य, अर्थात आपला भूप. दुःखाच्या गाण्यात गंधार आणि धैवत कोमल होतात. शिवरंजनीतला धैवत उतरवून पाहा, म्हणजे ती छटा हाती येईल. आवाजाला जी बारीक गिरकी देतात तिला 'कोबुशी' म्हणतात. आमच्याकडे जो मुरकी घेतो त्याला ती शिकवावी लागत नाही. उच्चारही सोपे. आ, इ, उ, ए, ओ हे स्वर जवळपास आपलेच, आणि बहुतेक अक्षरे स्वरान्त, त्यामुळे देवनागरीत लिहून घेतले की मराठी माणूस फारसा अडखळत नाही. इंग्रजी गाणे म्हणताना आपली जी त्रेधा उडते तशी येथे उडत नाही.

मग म्हणावे काय? आरंभाला क्यू साकामोतो यांचे 1961 चे 'उए ओ मुइते आरुको' घ्यावे. डोळ्यांतले पाणी खाली पडू नये म्हणून वर पाहत चालणारा एक मनुष्य, एवढाच त्याचा विषय. लिहिणारे रोकुसुके एइ हे 1960 साली अमेरिकेशी झालेल्या कराराविरुद्धच्या निदर्शनांत होते. ती चळवळ हरली, त्या निराशेतून हे गीत आले असे सांगतात. गाण्यात मात्र राजकारणाचा शब्द नाही, आणि चाल तर चक्क हसरी. 1963 साली ते जपानी शब्दांनिशी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. शेवटाकडे शब्द संपतात आणि गायक शीळ घालतो. ज्यांचा आवाज भरून येतो त्यांची ती मोठी सोय आहे.

आपल्या बायाबापड्यांनी लगेच ओळखावे असे गीत म्हणजे 'आका तोम्बो', लाल चतुर. शब्द 1921 सालचे, रोफू मिकी यांचे. चाल कोसाकू यामादा यांनी 1927 साली दिली. लहानपणी ज्या मुलीच्या पाठीवर बसून चतुर पाहिले ती सांभाळणारी मुलगी पंधराव्या वर्षी सासरी जाते, आणि पुढे गावाला तिची खबरही येईनाशी होते. मुलीचे दुःख येथे मुलगी सांगत नाही, तिने वाढवलेले मूल मोठेपणी सांगते. त्याच्या उलट कुमामोतो प्रांतातल्या इत्सुकी गावचे अंगाईगीत आहे. गरिबांच्या मुली जमीनदारांची मुले सांभाळायला राहत. त्या दुसऱ्याच्या बाळाला झोपवता झोपवता स्वतःच्या घराचीच गोष्ट गात. त्याला कवी नाही, संगीतकार नाही. ते आपल्या ओवीचे सख्खे भावंड आहे: हात कामात, आणि मन माहेरी.

भावाच्या ओव्या म्हणणाऱ्या आज्या ज्या घरांत आहेत तेथे 'नादा सोसो' म्हणावे. हे नाव ओकिनावा बेटाच्या बोलीतले, अश्रू घळाघळा वाहतात अशा अर्थाचे. र्‍योको मोरियामा यांनी तरुणपणी अकस्मात गेलेल्या आपल्या मोठ्या भावाच्या आठवणीत ते लिहिले. 2001 साली रिमी नात्सुकावा यांनी गायले आणि ते घरोघर झाले. जुन्या छायाचित्रांचा संग्रह उघडून बसलेली बहीण त्यात आहे. जात्यावरच्या ओवीत भाऊ हा सासुरवाशिणीचा एकुलता एक आधार. तो येतो की नाही यावर तिचे वर्ष ठरते. दोन समुद्रांपलीकडची ही बाई त्याच भावाला हाका मारते.

राजगड, तोरणा, रोहिडा यांच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना 'कोजो नो त्सुकी' चुकवून चालणार नाही. पडक्या किल्ल्यावरचा चंद्र, असे त्याचे नाव. बान्सुइ दोई यांची कविता, रेंतारो ताकी यांची चाल, साल 1901. ताकी पुढे दोनच वर्षांत, वयाच्या तेविसाव्या वर्षी वारले. किल्ल्यांवरची आमची गाणी पराक्रमाची, आणि ती तशीच असावीत. पण तट ढासळल्यावर त्यावर पडणाऱ्या चांदण्याकडे पाहून गप्प व्हावे, असे गीत आमच्याकडे थोडे. राजगडावर मुक्काम केलेल्यांना ही गप्प होण्याची घटका ठाऊक आहे.

आता ज्या एका गीतासाठी आम्ही हा सारा खटाटोप मांडला तेथे येतो. 1977 साली मासाओ सेन यांनी गायलेले 'किताग़ुनी नो हारु', उत्तरेकडचा वसंत. शहरात नोकरीला असलेला मनुष्य. तेथे ऋतू आलेला-गेलेला कळत नाही. गावाहून आईचे लहानसे पार्सल येते आणि त्याला गावचा वसंत आठवतो. बाप आणि भाऊ दोघेही अबोल. ते कधीतरी एकत्र बसून दोन घोट घेत असतील काय, असे त्याला वाटते. परत जावे काय, एवढेच तो विचारतो. जातो असे म्हणत नाही. हे गाणे जपानच्या हद्दीत राहिले नाही, चिनी भाषेतही ते फार लोकप्रिय झाले.

आमच्या या डोंगरपट्ट्यातून मुंबईला गेलेल्या माणसांची गणती कोणी करावी? गिरणीत, गोदीत, हमालीत पिढ्या गेल्या. भाताला गावी यायचे आणि पुन्हा गाडी धरायची. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कित्येकांची गाडी कायमची चुकली. या साऱ्याची एक बाजू ओवीत आहे. मुंबईला गेलेला धनी, त्याची वाट पाहणारी बायको, मुलाच्या पत्रासाठी झुरणारी आई, हे सगळे बायकांनी जात्यावर सांगून ठेवले आहे. पण खोलीत पंधरा जणांबरोबर पथारी टाकणाऱ्या त्या धन्याचे काय? त्याला जाते नव्हते. तो भजनाला बसे आणि पखवाजाच्या घुमण्यात काही विसरे. पण भजनातले दुःख विठ्ठलापाशी सांगायचे, त्यात मुकादमाचे नाव येत नाही आणि खानावळीच्या उधारीचेही येत नाही. पोवाडा होता, तो दुसऱ्याच्या शौर्याचा. शाहिरांनी मुंबईतल्या त्याच्या विरहाला शब्द दिले, ते त्याने ऐकले. पण स्वतःच्या तोंडाने, स्वतःविषयी, रडवेल्या आवाजात गाणे हे पुरुषाला शोभत नाही, असा आमचा दंडक. जपानातही दंडक असाच कडक होता. तेथे कचेरीतल्या पुरुषांनी काराओकेच्या यंत्रापाशी तो मोडला. गाणे दुसऱ्याचे आहे, मी फक्त म्हणतो आहे, हा आडोसा त्यांना पुरला. सुनेला जसा सीतेचा आडोसा पुरला तसाच.

म्हणून विरहगीत आळवणाऱ्या त्या गृहस्थांना हसण्यापूर्वी थोडे थांबावे. त्यांना कोणी प्रेयसी सोडून गेलेली नसेलही. सुटलेले गाव असेल, न बोलता गेलेला बाप असेल. तिसऱ्या कडव्यातला कंप तिथला आहे.

एवढे मान्य केले तरी काराओकेत एक मोठी उणीव राहते, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. जात्याने चाल दिली आणि शब्द मोकळे ठेवले. यंत्राने चाल दिली आणि शब्दही पडद्यावर लिहून दिले. आपला म्हणून त्यात आवाज तेवढा. त्याच्या उलट एक फायदाही आहे. सायुरी इशिकावा यांनी 1977 साली गायलेल्या त्सुगारू सामुद्रधुनीच्या गाण्यात बर्फात बोटीवर चढणारी बाई आहे; 1988 साली समुद्राखालून बोगदा झाला, ती बोट बंद पडली, पण गाणे अजून रोज म्हटले जाते. बांधलेले गाणे आपल्या बोटीशिवाय जगते. ओवी जात्याशिवाय जगली नाही, कारण ती कधी बांधलेलीच नव्हती.

आणखी एक गोष्ट जागेची. दुःखाच्या गाण्याला श्रोते फार मानवत नाहीत. पानगृहात अनोळखी माणसांसमोर गाणे कित्येकांना जड जाई. तेव्हा 1985 च्या सुमारास जपानच्या ओकायामा प्रांतात कोणी मालवाहू कंटेनर घेतला, त्यात यंत्र ठेवले आणि चार जिवलगांनी दार लावून गावे अशी खोली केली. त्यातून पुढे जपानभर काराओकेच्या खोल्या झाल्या. सिंहगड रस्त्याने पानशेतकडे जाताना पु. ल. देशपांडे उद्यान लागते. पुणे आणि ओकायामा यांच्या मैत्रीची ती बाग, तोच हा ओकायामा. आमच्याकडे मात्र काराओके म्हणजे अजून मंडप, रोषणाई आणि तीनशे खुर्च्या. जात्यापाशी दोघीच असत, आणि ऐकणारीचेही दोन्ही हात कामात असत. तिला टाळी वाजवता येत नसे.

आमची सूचना साधी आहे. भोरात गाणाऱ्यांची मंडळे आहेतच. त्यांनी एखादी संध्याकाळ दहा-बारा माणसांचीच करावी. साथीला यंत्रावर घरघर तेवढी लावावी, शब्द काहीच लावू नयेत. ज्या घरी पंच्याहत्तरी ओलांडलेली आजी आहे त्यांनी तिला मानाने बोलवावे आणि आधी गळा विचारावा. ओव्या पुस्तकात सापडतील, गळा तिच्याबरोबर जाईल. पहिली ओळ तिने उचलावी. दुसरी मुंबईहून परतलेल्या एखाद्या काकांनी झेलावी, त्यांना हवी तशी, मुकादमाच्या नावासकट. ध्वनिमुद्रण न लावता खरेच जाते मांडायचे ठरले तर ते अंगणात उपडे पडले असेल. त्याला आधी टाकी लावून घ्यावी लागेल. दगड गुळगुळीत झाला की त्याला दळणही येत नाही आणि आवाजही येत नाही.